बारावीनंतर कम्युनिटी कॉलेज: कॅलिफोर्नियातल्या मंडळींचा सल्ला हवा आहे

मुग्धा_फ्रीमाँट

नमस्कार मंडळी. लेकाची बारावी जूनमध्ये संपतेय. यूसीचे, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, निकाल आले. बर्कली, एलए, सॅन डिएगो तिन्हीकडून नकार, अर्व्हाइनला वेटलिस्ट. मर्सेडला मिळालंय, पण तिथे जायला तो मनापासून तयार नाही. दुसऱ्या राज्यातल्या एका खाजगी विद्यापीठाचा होकार आहे. तिथला खर्च राहण्याजेवणासकट वर्षाला ८० हजार डॉलरच्या घरात जातो. शाळेच्या काउन्सेलर बाई म्हणाल्या, जवळच ओलोनी कॉलेज आहे, नाहीतर कुपर्टिनोचं डी अँझा, दोन्ही सरकारी कम्युनिटी कॉलेजं. दोन वर्षं तिथे काढायची आणि तिसऱ्या वर्षाला यूसीत जायचं.

आमची अडचण अशी की आम्ही अजून एच-वनवर (नोकरीचा व्हिसा) आणि मुलं एच-फोरवर (कुटुंबीयांचा व्हिसा) आहेत. त्यामुळे फॅफ्सा भरून मिळणारी सरकारी मदत नाही, फेडरल कर्ज नाही. एच-फोरवर त्याला कॅम्पसवरच्या लायब्ररीतली साधी नोकरीही करता येत नाही. जे काही करायचं ते आमच्या बचतीतून, आणि धाकटी दोन वर्षांनी याच वाटेवर आहे.

नवरा म्हणतो, कर्ज काढू पण नावाजलेल्या ठिकाणी घालू. सासूबाईंनी सांगलीहून विचारलं, "म्हणजे आयटीआयसारखं का गं?" लेक काहीच बोलत नाही. त्याच्या ग्रुपमधली पोरं डॉर्मसाठी चादरी-उशा घेत फिरतायत आणि हा खोलीचं दार लावून बसतो. १ मेपर्यंत कळवायचंय. कुणी हे केलंय का? पुढे मुलांचं नीट झालं का? फी नक्की किती पडते? शिकवतात कसं? सविस्तर सांगितलंत तर फार बरं होईल.

अभय_डी

मुग्धाताई, मी याच वाटेने गेलोय म्हणून लिहितो. डी अँझातून यूसी डेव्हिस, आता सॅन होजेत नोकरी. माझ्या डिग्रीवर डेव्हिसचं नाव आहे. पहिली दोन वर्षं कुठे काढली हे नोकरीच्या एकाही इंटरव्ह्यूत कुणी विचारलं नाही.

आधी फी. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना युनिटला (विषयाचं वजन मोजायचं माप) ४६ डॉलर. २०१२ पासून हाच दर आहे आणि राज्यातल्या सगळ्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांत सारखाच. डी अँझा आणि फुटहिल क्वार्टर पद्धतीची, म्हणून तिथे युनिटला ३१. ट्रान्सफरसाठी ६० सेमिस्टर युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांचे मिळून २,७६० डॉलर. वर हेल्थ फी, पार्किंग आणि पुस्तकं. यूसीत रहिवाशांची नुसती फीच वर्षाला १५ हजारांच्या आसपास जाते, राहणं-खाणं धरलं की आकडा ४० हजारांच्या पुढे. दोन वर्षं मुलगा घरून गेला तर किती वाचतात ते तुमच्या लक्षात येईलच.

पण फी बघून नुसतं जाऊन बसलं की झालं, असं नाही. आज रात्रीच त्याच्याबरोबर बसून असिस्ट डॉट ऑर्ग ही साइट उघडा. आपलं कॉलेज निवडायचं, जायचंय ते विद्यापीठ निवडायचं, मग मेजर, म्हणजे मुख्य विषय. पानावर डावीकडे यूसीचा विषय येतो आणि उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा आपल्या कॉलेजातला विषय. काही ठिकाणी उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असं येतं. म्हणजे तो विषय आपल्या कॉलेजात होत नाही, दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजात मिळतो का बघायचं किंवा ट्रान्सफर झाल्यावर करायचा. मी हे पान छापून टेबलासमोर लावलं होतं आणि झालेल्या विषयावर रेघ मारत होतो. काउन्सेलरकडे जायचं तेही हे पान हातात घेऊनच. 'मी काय करू' असं विचारलं की ढोबळ उत्तर मिळतं, 'हा विषय यंदा घेऊ की पुढच्या वर्षी' असं विचारलं की नेमकं.

दुसरी गोष्ट टॅग, म्हणजे ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस ठरलेले विषय आणि ठरलेला जीपीए (गुणांची सरासरी) असेल तर प्रवेशाची लेखी हमी देतात. टॅग एकाच कॅम्पससाठी भरता येतो, आणि तो ट्रान्सफरच्या आदल्या वर्षी १ ते ३० सप्टेंबरमध्येच. बर्कली, एलए, सॅन डिएगो टॅग देत नाहीत, तिथे नेहमीचा अर्ज करायचा. कॉम्प्युटर, इंजिनिअरिंगसारखे गर्दीचे विषय बऱ्याच कॅम्पसवर टॅगमधून वगळलेले असतात, तेव्हा मेजरचं नाव घालूनच तपासा.

आणि बारावीचे मार्क यूसीच्या ट्रान्सफरला धरत नाहीत. नकाराची ती पत्रं त्याने बाजूला ठेवावीत.

पंतोजी

मी बे एरियात कम्युनिटी कॉलेजांत गणित शिकवतो, अर्धवेळ. 'शिकवतात कसं' याचं उत्तर माझ्याकडून घ्या.

यूसीत पहिल्या वर्षाचा कॅल्क्युलस म्हणजे मोठं सभागृह, तीनशे मुलं, आणि शंकासमाधानाला पीएचडी करणारा टीए. आमच्याकडे वर्गात साधारण चाळीस मुलं असतात आणि शिकवणारा, पेपर काढणारा, तपासणारा माणूस एकच. आम्हाला संशोधनाचे पेपर छापून बढती मिळवायची नसते, शिकवण्यासाठीच नेमलेलं असतं.

माझा संध्याकाळचा वर्ग सांगतो. पहिल्या बाकावर नर्सिंगच्या प्रवेशासाठी संख्याशास्त्र घेणाऱ्या एक बाई बसतात, मुलीला ट्यूशनला सोडून येतात. मागे गोदामातली पाळी संपवून कंपनीच्या जॅकेटमध्येच आलेला मुलगा. सैन्यातून परतलेला एक जण. आणि चार-पाच जण मुग्धाताईंच्या लेकाच्या वयाचे, पहिल्या आठवड्यात मान खाली घालून बसणारे. पहिली चाचणी झाली की ही कोवळी मुलं बघतात की दिवसभर राबून आलेला माणूस आपल्यापेक्षा नेटाने गणितं सोडवतोय. त्यानंतर ती ऑफिस अवरला, म्हणजे शंका विचारायच्या वेळेला, यायला लागतात. हा बदल मी दर सत्रात बघतो आणि त्यासाठीच ही नोकरी मला प्रिय आहे.

हा मार्ग नापासांसाठी मागाहून काढलेली सोय नाही, हे सासूबाईंना जरूर सांगा. देशातलं सगळ्यात जुनं सरकारी ज्युनिअर कॉलेज इलिनॉयमधल्या जॉलिएटचं, १९०१ सालचं. कॅलिफोर्नियात सुरुवात फ्रेस्नोला १९१० मध्ये झाली. १९६० साली यूसीचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्या पुढाकाराने राज्याचा उच्चशिक्षणाचा मास्टर प्लॅन ठरला. यूसीने शाळा संपवणाऱ्यांतल्या वरच्या साडेबारा टक्क्यांतून मुलं घ्यायची, कॅल स्टेट या दुसऱ्या सरकारी विद्यापीठसमूहाने वरच्या एक तृतीयांशातून, आणि कम्युनिटी कॉलेजांचं दार शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला उघडं ठेवायचं. तिथून वर जाण्याची वाट त्या आराखड्यातच आखलेली आहे. आज अशी ११६ कॉलेजं आहेत. मानवी जीनोम वाचणाऱ्यांतले क्रेग व्हेंटर व्हिएतनामहून परतल्यावर आधी कॉलेज ऑफ सॅन मटेओत शिकले, मग यूसी सॅन डिएगोत. टॉम हँक्स तुमच्या शेजारच्या हेवर्डच्या शाबो कॉलेजचे.

तळेगावकर

सगळे चांगलंच लिहितायत, पण दुसरी बाजू न सांगणं मुग्धाताईंवर अन्याय होईल.

कॅलिफोर्नियाच्या स्टेट ऑडिटरचा २०२४ चा अहवाल बघा. ट्रान्सफरचा इरादा ठेवून कम्युनिटी कॉलेजात आलेल्या मुलांपैकी चार वर्षांत प्रत्यक्ष ट्रान्सफर झालेली सुमारे पाचांत एक. दोन वर्षांत तर त्याहून कमी. हमीचा कागद असूनही बाकीची मुलं कुठे जातात?

माझ्या पुतण्याचं डोळ्यांसमोर झालं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. पहिल्या सत्रात त्याला हवे ते वर्ग भरलेले होते, म्हणून मिळेल ते घेतलं. काउन्सेलरची वेळ तीन आठवड्यांनी मिळायची. दोस्त सगळे बाहेरगावी. वर्ग संपला की हा गाडीत बसून थेट घरी. दुसऱ्या वर्षी नोकरीचे तास वाढले, एक विषय सुटला, मग दुसरा. कुणी फोन करून विचारलं नाही की बाबा, तू का येत नाहीस. मुलगा हुशार होता आणि आहे. डॉर्ममध्ये शेजारच्या खोलीतली मुलं अभ्यासाला बसतात म्हणून आपणही बसतो, हा धक्का त्याला मिळाला नाही. मुग्धाताई, तुमचा लेक आत्ताच दार लावून बसतोय असं लिहिलंत, म्हणून मला काळजी वाटते.

पंतोजी

तळेगावकर, तुमच्या पुतण्याबद्दल वाचून वाईट वाटलं. आकडा खरा आहे आणि तो आम्हा शिक्षकांनाही झोंबतो.

त्यात थोडी भर घालतो. आमची बरीच मुलं पूर्णवेळ नोकरी करून शिकतात, सत्राला एक-दोनच विषय घेऊ शकतात, त्यांची चार वर्षं अशीच जातात. पूर्वी आणखी एक खड्डा होता. प्लेसमेंट परीक्षेत कमी पडलं की प्राथमिक गणिताच्या वर्गात बसवायचे. त्या वर्गांचं ट्रान्सफरला क्रेडिट नाही आणि तिथे मुलं वर्षानुवर्षं अडकायची. २०१७ च्या एबी ७०५ कायद्याने ते बरंचसं थांबवलं. आता शाळेतले मार्क बघून थेट ट्रान्सफरच्या पातळीच्या गणितात बसवतात.

पण तुमचा मुख्य मुद्दा मला मान्य आहे. इथे मागे लागणारं कुणी नसतं. म्हणून पालकांनी पहिल्या सत्रात तीन गोष्टी बघाव्यात. एक, नुसत्या ऑनलाइन वर्गांवर भिस्त नको, निम्मे तरी विषय कॅम्पसवर घ्यावेत. दोन, वर्ग संपल्यावर तासभर ट्यूटरिंग सेंटरमध्ये बसूनच घरी यावं. तिथे फुकट शिकवतात आणि मैत्रीही तिथेच होते. तीन, ओरिएंटेशन आणि एज्युकेशन प्लॅन लवकर उरकून घ्यावा. ते पूर्ण असलेल्यांना वर्गनोंदणीची आधीची तारीख मिळते. तुमच्या पुतण्याला वर्ग मिळाले नाहीत त्याचं कारण बहुधा हेच असावं.

सह्यगिरी

एच-फोरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमची मोठी यातून गेली आहे.

कॅलिफोर्नियात एच-वन, एच-फोरवाल्यांना रहिवासी ठरता येतं, एफ-वन या विद्यार्थी व्हिसावाल्यांना नाही. वर्षाहून जास्त वास्तव्य आणि इथेच राहण्याचा इरादा दाखवावा लागतो. टॅक्स रिटर्न, घराचा करार, ड्रायव्हिंग लायसन्स अशी कागदपत्रं मागतात. पहिल्या अर्जात कॉलेजची यंत्रणा कधीकधी व्हिसा बघून आपोआप 'अनिवासी' शिक्का मारते आणि युनिटचं बिल कितीतरी पट येतं. घाबरू नका. अ‍ॅडमिशन ऑफिसला कागद घेऊन जा, दुरुस्त करतात. पण सत्र सुरू होण्याआधी.

याहून गंभीर गोष्ट २१ व्या वाढदिवसाची. तोवर ग्रीन कार्ड आलं नाही आणि सीएसपीए कायद्याने वय गोठत नसेल, तर एच-फोर संपतो. मग बहुतेक मुलं एफ-वन घेतात. एफ-वन झालं की यूसीची अनिवासी फी लागण्याचा धोका उभा राहतो, आणि तो आकडा झोप उडवणारा आहे. तुमचा लेक नेमका यूसीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात असेल तेव्हा हे येईल. आपल्यापैकी कितीतरी घरांत या काळजीने माणसं आतून पोखरली आहेत, मुलं मात्र कुणाजवळ बोलत नाहीत. इमिग्रेशन वकिलाकडे प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) आणि मुलाची जन्मतारीख घेऊन आत्ताच जा. माझं म्हणणं, हेच कम्युनिटी कॉलेजच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण आहे. पहिल्या दोन वर्षांत वाचलेला पैसा त्या दोन वर्षांसाठी हाताशी राहतो. आज बचत संपवून बसलात तर तेव्हा काय कराल?

एडिसनकर

न्यू जर्सीत हेच काउंटीवार चालतं. आमच्याकडे मिडलसेक्स कॉलेज, इथे एडिसनमध्येच. काउंटीतल्या रहिवाशांना फी कमी. शाळेत वरच्या १५ टक्क्यांत आलेल्या मुलांना एनजे स्टार्स योजनेतून काउंटी कॉलेजची ट्यूशन माफ होते, अटी बघून घ्याव्यात. २००७ च्या कायद्यामुळे इथल्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीचे क्रेडिट रटगर्ससकट राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत धरले जातात. भाची तशीच रटगर्सला गेली. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तिला 'कुठे असतेस?' विचारलं की पूर्वी मावशीच घाईने विषय बदलायची. आता भाचीच सांगते आणि इतर मुलांना रस्ता दाखवते.

जुई

हा धागा मुलांचा आहे तरी आयांसाठी लिहिते. लग्नानंतर एच-फोरवर आले तेव्हा हाताशी पुण्याची बी.कॉम. आणि दिवसभराचं रिकामं घर. एच-फोरवर नोकरी करता येत नव्हती, पण शिकता येतं. कम्युनिटी कॉलेजात अर्ली चाइल्डहूड एज्युकेशनचे विषय घेतले. कॅलिफोर्नियात परवानाधारक प्रीस्कूलमध्ये शिक्षिका व्हायला असे १२ युनिट आणि थोडा अनुभव लागतो. पुढे ईएडी, म्हणजे काम करण्याचा परवाना, हातात आलं तेव्हा तयारी झालेली होती. आज मी प्रीस्कूलमध्ये शिकवते. वर्गात ताजिक, व्हिएतनामी, मेक्सिकन बायका होत्या. 'निरीक्षण' हा गृहपाठ म्हणून आम्ही दोन-दोन तास काचेमागे बसून तीन वर्षांची मुलं ठोकळ्यांवरून कशी भांडतात आणि कशी समेट करतात ते लिहून काढायचो. स्वतःच्या मुलीला मी तिथून पुढे वेगळं वाढवलं.

सासरे आले तेव्हा त्यांना नॉनक्रेडिट (पदवीत न धरल्या जाणाऱ्या) इंग्रजीच्या वर्गाला घातलं. नॉनक्रेडिट वर्गांना राज्यात फी नाही. मुग्धाताई, तुमच्या धाकटीने आत्तापासून उन्हाळ्यात एखादा वर्ग घ्यावा. हायस्कूलच्या मुलांना बहुतेक ठिकाणी युनिटची फी माफ असते आणि क्रेडिट पुढे उपयोगी पडतं. आणि काही कॉलेजांत आता चार वर्षांची डिग्रीही आहे. फुटहिलला डेंटल हायजीनची आहे.

श्रीधर_नाशिक

माझ्या भाच्याची यंदा इथे बारावी झाली. त्याला थेट अशा कॉलेजात पाठवता येईल का? एजंट म्हणतो, स्वस्तात अमेरिका होते.

अभय_डी

श्रीधरकाका, एफ-वनवर येता येतं, मुलं येतातही. पण ४६ डॉलरचा दर त्याच्यासाठी नाही. वर कित्येक पट अनिवासी फी, आरोग्यविमा, आणि या कॉलेजांना बहुतेक ठिकाणी होस्टेल नसल्याने बे एरियाचं घरभाडं. पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. ही कॉलेजं स्वस्त आहेत ती इथल्या करदात्यांनी आपल्या मुलांसाठी पैसे घातले म्हणून. एजंटने एकूण वर्षाचा खर्च लेखी दिला तरच पुढे बोला. नाशिकला राहून परवडणारं शिक्षण हवं तर तुमच्या गावातच १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. भाच्याला काय शिकायचंय हे आधी त्याला विचारा.

मुग्धा_फ्रीमाँट

सगळ्यांचे मनापासून आभार. तळेगावकर, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवला, सगळ्यात जास्त चर्चा त्यावरच झाली.

अभयने सांगितलेलं असिस्टचं पान लेकासमोर उघडलं. पहिल्यांदा तो नुसता बघत राहिला. मग त्यानेच अर्व्हाइन काढून डेव्हिस घातलं, मेजर बदलून बघितला, आणि रात्री उशिरा येऊन म्हणाला, "आई, मला कॉम्प्युटर सायन्स नकोच होतं, सगळे घेतात म्हणून भरलं होतं. मला एन्व्हायर्न्मेंटल सायन्स करायचंय." नकारापेक्षा मला याचा धक्का बसला. चार महिने अर्ज भरताना हे आम्ही कुणी त्याला विचारलंच नव्हतं.

वकिलाची वेळ घेतली आहे. खाजगी विद्यापीठाला नकार कळवला. नवरा अजून पूर्ण राजी नाही, पण ओलोनीच्या ओरिएंटेशनला तोच सोबत जाणार आहे. सासूबाईंना पंतोजींचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्या म्हणाल्या, "मग शिकवणारा चांगला आहे की!"

एक शेवटचा प्रश्न. ओलोनी सेमिस्टरवर आणि डी अँझा क्वार्टरवर. काही वर्ग इथे, काही तिथे असं चालेल का? आणि शाळेत त्याने एपी (कॉलेजच्या पातळीचं) कॅल्क्युलस एबी घेतलंय, मे महिन्यात परीक्षा आहे. ती आता द्यावी की सोडावी?

पंतोजी

परीक्षा नक्की द्यावी. तीन किंवा वर गुण मिळाले तर यूसी युनिट देते, आणि बऱ्याच ठिकाणी पहिल्या कॅल्क्युलसऐवजी धरतात. मात्र मेजरला चालतं का हे कॅम्पसवार बदलतं, डेव्हिसचं पान बघा. गुण कॉलेज बोर्डाकडून थेट ओलोनीला पाठवायला सांगा, शाळेच्या मार्कपत्रकावरचे कॉलेज धरत नाही.

दोन कॉलेजांत मिळून शिकता येतं, पण कॅल्क्युलस, केमिस्ट्री, फिजिक्स यांची मालिका मात्र सुरू केली त्याच कॉलेजात संपवावी. सेमिस्टरचे दोन भाग आणि क्वार्टरचे तीन भाग एकमेकांशी जुळत नाहीत, मध्येच एखादा धडा राहून जातो आणि यूसी तो पुन्हा करायला लावू शकते. इतिहास, इंग्रजीसारखे सुटे विषय खुशाल कुठेही घ्या. केमिस्ट्रीची प्रयोगशाळा सगळ्यात आधी भरते, म्हणून नोंदणीच्या दिवशी पहिलं तेच नोंदवायला सांगा. वर्ग भरलेला दिसला तर वेटलिस्टवर नाव घालून पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसायचं. पहिल्या आठवड्यात दोन-चार जण गळतात आणि आम्ही शिक्षक समोर बसलेल्यालाच आधी घेतो.